थोरलीनं नेलेली टरफलं

माणूस मेल्यावर काहीही बरोबर नेत नाही, असं थोर लोक सांगून गेले आहेत. त्या थोर लोकांनी कोंबड्या पाळलेल्या नसाव्यात. कुलूपवाल्याची पहिली बायको गेली तेव्हा तिनं खरोखरच काही नेलं नाही. कपाट, भांडी, नवरा, सासू, सगळं जागच्या जागी ठेवून गेली. पण पुढं कुलूपवाल्यानं दुसरं लग्न केलं, नवी घरात आली, आणि ती नीट रुळायच्या आत थोरलीनं अंड्यांची टरफलं मागवून घेतली.

निदान सासूबाईंचं म्हणणं तसं होतं.

पहिलं बिनटरफलाचं अंडं नवीच्याच हाताला लागलं. सकाळी खुराड्यातल्या भुशात नेहमीसारखा हात घातला तर बोटांखाली काहीतरी कोमट, मऊ आणि दबणारं आलं. झोपलेल्या माणसाच्या पापणीवर चुकून बोट पडावं तसं. तिनं ते तळहातावर घेऊन उजेडात धरलं. पातळ पडद्याआड बलकाची सावली दिसत होती. हात जरा कलला तशी ती सावली सावकाश हलली, आत कुणीतरी कूस बदलल्यासारखी. नवीनं ते पटकन भुशात परत ठेवलं आणि चूक झाल्यासारखा हात पदराला पुसला. मग तिला वाटलं, असं परत ठेवून चालणार नाही. हे काही दुकानातलं पातेलं नव्हे, नापसंत म्हणून परत ठेवायला.

नंतर रोजच तसं होऊ लागलं. काही अंडी अगदी नागडी, काहींवर कागदाएवढं पातळ टरफल. उचलताना बोट आत जायचं.

नवी काही अडाणी बाई नव्हती. लग्नाआधी तिची सगळी उमेदीची वर्षं एका जुन्या औषधांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत खल करण्यात गेली होती. पुड्या, मलमं, दंतमंजन, सगळं तिच्या हातचं. ती राहायची दुकानाच्या वरच्याच खोलीत. लग्न करून निघाली तेव्हा मालक म्हणाला होता, "बाई, खोली इतक्यात कुणाला देत नाही. उगाच आपलं. पाऊस-पाणी काही सांगता येत नाही." लग्नाला पाऊस-पाणी म्हणणारा माणूस अनुभवी असणार, हे तिनं मनात नोंदवून ठेवलं होतं.

इकडं घरात तिच्या वाट्याला काय होतं? कपाट थोरलीचं. त्यातल्या चादरींच्या घड्या थोरलीच्या पद्धतीच्या. डबे कुठल्या क्रमानं लावायचे ते थोरलीनं ठरवलेलं, आणि क्रम चुकला की सासूबाईंना आवाजावरून कळायचं, कारण डोळ्यांनी त्यांना फारसं कळत नसे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. शस्त्रक्रियेचं नाव काढलं की त्या म्हणत, "बघण्यासारखं होतं ते बघून झालं." हे नवीकडे तोंड करून म्हणत. नवरा कुलूपवाला. समोरच्या खोलीत त्याचं दुकान. दिवसभर कानस चालवून लोकांच्या किल्ल्या करायचा आणि बिघडलेली कुलपं उघडायचा. धंद्यातलं एक चांगलं मजबूत कुलूप त्यानं स्वतःच्या तोंडासाठी राखून ठेवलं होतं.

उरल्या कोंबड्या. मागची पायरी उंच, सासूबाईंच्या गुडघ्यांना ती उतरवत नसे, म्हणून तेवढं एक खातं नवीकडे आलं. त्यातली अंडी कोपऱ्यावरच्या बेकरीत जायची. अंडी नीट निघाली तर नवी ह्या घरातली. नाही निघाली तर ती कोण, हा प्रश्न कुणी मोठ्यानं विचारला नव्हता. पण अशा प्रश्नांना घरात भिंतीचा रंग येतो, ते बोलावे लागत नाहीत.

थोरलीच्या बहिणीनं मात्र तो बोलून दाखवला. ती एकदा येऊन पायरीवर उभी राहिली आणि कोंबड्यांकडे बघत म्हणाली, "ताईच्या हातच्या कोंबड्या आहेत ह्या. त्यांना माणूस कळतो." मग नवीकडे वळून, अगदी गोड, "तुमचं काही चुकतं असं नाही हो. पण खुराड्याला चुना लावायच्या वेळी मी येते टोपल्या घेऊन. तोवर सुधारलं तर तुमचं नशीब." नवी हसली. त्याच दिवशी तिनं मनाशी ठरवलं, ज्या दिवशी कोंबड्या ह्या घरातून जातील त्या दिवशी आपणही जायचं. ह्या घरात राहून नुसतं थोरलीचं कपाट पुसायचं, त्यापेक्षा औषधांच्या दुकानावरची खोली बरी. खोली रिकामी होतीच.

आता कोंबडीबद्दल थोडं. कोंबडीला दात नसतात, हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्यावर तिनं काढलेला तोडगा कुणी सांगत नाही. ती बारीक खडे गिळते. पोटात तिच्या एक जाड, दणकट पिशवी असते, तिच्यात ते खडे जाऊन बसतात आणि दाणे भरडून काढतात. जातं गिळलेला प्राणी म्हणजे कोंबडी. दगड झिजतो पण विरघळत नाही. म्हणून त्यातून दळण होतं, टरफल होत नाही. टरफलासाठी वेगळं लागतं, शिंपल्यांचं किंवा चुनखडीचं काहीतरी. म्हणून खुराड्याच्या भिंतीला दोन वाट्या अडकवलेल्या होत्या. एकीत खडे. दुसरीत शिंपल्यांचा चुरा. शिंपल्यांचं एक मोठं पिंप मागच्या पडवीत होतं, अर्थात थोरलीच्या वेळेपासूनचं.

"वस्त्रगाळ करायची थोरली," सासूबाई पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या होत्या. "दुपारी ह्या पायरीवर बसायची नि करायची. बोटाला लागायचं नाही, इतकं बारीक. उगाच नाही अंडी दगडासारखी."

वस्त्रगाळ हा शब्द नवीच्या ओळखीचा होता. किंबहुना त्या घरातला तेवढा एकच शब्द तिच्या माहेरचा होता. औषध जितकं बारीक तितकं लवकर अंगी लागतं, हे तिला मालकानं पहिल्या दिवशी शिकवलं होतं. तिनं सामानातून आपला जुना लोखंडी खलबत्ता काढला, मलमलीचा तुकडा काढला आणि बसली पायरीवर. शिंपले कुटले, खलले, गाळले. वर राहिलेलं पुन्हा खललं, पुन्हा गाळलं. वाटीत पडलं ते पीठसुद्धा लाजेल असं. कोंबड्यांनी चोच बुडवली आणि शिंकल्यासारखं केलं.

अंडी पातळ झाली.

"बारीक होत नसेल," सासूबाई आतून म्हणाल्या.

तिनं आणखी बारीक केलं. अंडी आणखी पातळ झाली. हा संवाद सासूबाई, नवी आणि कोंबड्या ह्यांच्यात बरेच दिवस चालला. दरम्यान थोरली सुधारत होती. मेलेल्या माणसाला बढती फार लवकर मिळते. वरचा कुणी जागा अडवून बसलेला नसतो. आधी ती नुसती वस्त्रगाळ करायची. मग दुहेरी कापडातून करायची असं निघालं. मग पहाटे कोंबड्यांच्या आधी उठायची. "कोंबडा तिच्या पायांच्या आवाजानं आरवायचा," सासूबाई म्हणाल्या. नवीनं खल थांबवून विचारलं, "आपल्याकडं कोंबडा होता?" सासूबाई पदर सारखा करत म्हणाल्या, "शेजारचा."

आणि ह्याच सुमाराला नवीला ती ठक् ऐकू येऊ लागली.

दुपारची वेळ. गल्ली झोपलेली. समोर दुकानात कानस थांबलेली. नवी पायरीवर खल करत बसलेली, घर्र, घर्र, घर्र. आणि मध्येच, तिच्या पाठीमागं, अगदी हातभर अंतरावर, ठक्. ती थांबायची. काही नाही. पुन्हा घर्र, घर्र. ठक्. मागं वळून बघितलं तर पायरी, दार, दारामागच्या खिळ्याला थोरलीचा निळा एप्रन. तो धुवायचा नाही आणि काढायचा नाही असा हुकूम होता.

ठकचं एक वेळ चाललं असतं. पण कोंबड्या मान वर करायच्या. ठक् झाली की सगळ्या एकदम खायच्या थांबायच्या, माना वाकड्या करायच्या आणि एका डोळ्यानं बघायच्या. नवीकडे नाही. नवीच्या जरा डावीकडे, मागं, पायरीवरच्या रिकाम्या जागेकडे. तिथं दगड मध्ये थोडा झिजलेला होता, बसून बसून.

"खुराड्याची कडी सैल झालीय वाटतं," तिनं रात्री जेवताना नवऱ्याला सांगितलं. "दुपारी वाजते."

कुलूपवाल्यानं मान हलवली. दुसऱ्या दिवशी त्यानं कडी काढून नवी बसवली, तेल घातलं, ओढून बघितली. ह्या विषयात त्याच्याइतका जाणकार गल्लीत नव्हता. दुपारी ठक् आली.

"आज तुझा आवाज बरा लागला," सासूबाई त्या संध्याकाळी म्हणाल्या. "थोडा तिच्यासारखा. नाहीतर तुझं आपलं घर्र घर्र. तिचं कसं संथ होतं. ठोका पडायचा, मग शांत. मग ठोका."

नवी पळीनं आमटी ढवळत राहिली. तिनं विचारलं नाही. ज्या प्रश्नाचं उत्तर आपल्याला आवडणार नाही तो विचारू नये, एवढं शहाणपण वय आपोआप देतं.

बेकरीवाला स्वभावानं विनोदी होता, त्यामुळे त्याची तक्रार जास्त लागली. "वहिनी," तो म्हणाला, "अंडी फोडायला माझ्याकडं माणूस आहे. तुम्ही घरूनच फोडून आणता. त्या बिचाऱ्याच्या पोटावर का पाय देता?" आणि टोपलीतली निम्मी परत केली. तिनं ती तशीच घरी आणली, तर वाटेत आणखी दोन गेली. टोपलीच्या तळातून पिवळा ओघळ तिच्या पायावर आला. ती रस्त्यातच उभी राहिली आणि तिला मनापासून वाटलं, कुणीतरी मागून टोपलीत हात घालतंय. घाईनं नाही. सवयीनं.

मग काळी बसली. काळी ही थोरलीची लाडकी कोंबडी, सगळ्यांत भरवशाची. सकाळी ती उभीच राहीना. पाय पसरून भुशात बसली होती आणि डोळे उघडे. जनावरांचा डॉक्टर येऊन बघून गेला. त्यानं काळीची छाती चाचपली, पाय हलवून पाहिले.

"हाडं ठिसूळ झालीत," तो म्हणाला. "टरफलाला माल कमी पडला की कोंबडी आपल्या हाडांतून काढते. अंडं काही थांबवत नाही ती. स्वतःला पोखरते आणि अंडं घालते. चुना कमी पडतोय, वाढवा."

"वाटीभर घालतेय, रोज."

"मग मिळत नसेल त्यांना."

"मग जातो कुठं?"

"ते मी कसं सांगू?" डॉक्टरनं पिशवी बंद केली. "तुमच्या घरात काय कुठं जातं ते तुम्हाला माहीत."

तो ते सहज बोलला. कसला चुरा घालता, कसा घालता, हे त्यानं विचारलं नाही, आणि नवीनं सांगितलं नाही. चांगलं काम केलं असेल तर ते सांगत बसायची तिला सवय नव्हती. ती काळीजवळ बसून राहिली. काळीनं त्या दिवशीही अंडं घातलं. ते पाण्यानं भरलेल्या फुग्यासारखं भुशात पडलं, आणि काळी मान वाकडी करून नवीच्या डावीकडं बघत राहिली.

"घ्या," नवी त्या रिकाम्या जागेला म्हणाली. "घ्या सगळं. हाडंपण घ्या." म्हणून झाल्यावर तिला स्वतःचीच भीती वाटली, कारण ती खालच्या आवाजात आणि अगदी आदरानं बोलली होती.

चुना लावायचा आठवडा आला. थोरलीच्या बहिणीचा निरोप आला की टोपल्या तयार आहेत. नवीनं आपली बॅग खाटेखालून काढून त्यातली धूळ झटकली, आणि मग सवयीनं पायरीवर जाऊन खलायला बसली. आज तिनं कमाल करायचं ठरवलं होतं. चौपदरी मलमल. पिंपातले मूठ मूठ शिंपले तिनं इतके खलले की खलात धूर दिसायला लागला. उन्हं कलली. वारं सुटलं. चाळलेलं सगळं तिनं परातीत घेतलं, कापड झटकायला उठली, आणि त्याच क्षणी वाऱ्यानं तोंड फिरवलं.

सगळी पूड तिच्यावर आली. केसांत, भुवयांत, पापण्यांवर, तोंडात, घशात. निळ्या एप्रनवरही बसली. तिला खोकताही येईना. ती चाचपडत, डोळे मिटून घरात शिरली. मोरीकडे जायची वाट सासूबाईंच्या खोलीतून होती.

सासूबाई दुपारच्या झोपेतून नुकत्याच उठून बसल्या होत्या. खिडकीतून तिरपं ऊन येत होतं. दारात त्यांना एक पांढरी आकृती दिसली, डोक्यापासून पायापर्यंत पांढरी. न बोलणारी, हात पुढं केलेली.

"कोण?"

नवीच्या तोंडात शिंपले होते.

"थोरले?" सासूबाईंचा आवाज एकदम लहान झाला. "आलीस? ये. बस." आणि लगेच, "नको, बसू नकोस."

नवी होती तिथं उभी राहिली.

"मला माहीत होतं तू येणार," सासूबाई पलंगाची कड घट्ट धरून म्हणाल्या. "बोलले मी तुला. नाही म्हणत नाही. ऐतखाऊ म्हणायचे. तोंडावर म्हणायचे, मागं म्हणायचे, भिंतीवरून शेजारणीला ओरडून सांगायचे. पण गेल्यापासून तुझं कौतुक करतेय की नाही? अगं, जिवंतपणी कुठल्या सुनेचं कुठल्या सासूनं केलं नसेल इतकं केलं. वस्त्रगाळ म्हणते. तू काय वस्त्रगाळ करणार? तुला तर कपाळावरची माशी उडवायचा कंटाळा. पहाटे उठायचीस म्हणते. तू कधी उठलीस पहाटे? तरी म्हणते. खोटं बोलून बोलून माझी जीभ झिजली. अजून काय पाहिजे तुला?"

खिडकीतल्या उन्हात पांढरे कण तरंगत होते. नवीनं श्वास धरून ठेवला होता.

"टरफलं परत दे बाई," सासूबाई म्हणाल्या. "माझ्यावरचा राग ह्या पोरीवर काढू नकोस. बॅग झटकली तिनं आज. मला दिसत नाही, ऐकू येतं. ती गेली की मग मी नि तो, दोघंच. आणि तो बोलत नाही गं. तू होतीस तेव्हा निदान भांडायची तरी सोय होती. ही भांडतही नाही, पण खलत असते, घरात आवाज असतो. जाऊ देऊ नकोस तिला."

नवीला काय करावं ते कळेना. मेलेल्या बाईच्या वतीनं वचन देण्याचा अधिकार आपल्याला आहे का, हा विचार करायला वेळ नव्हता. तिनं मान हलवली. हो, अशी. केसांतून पूड पडली, उन्हातून खाली गेली.

सासूबाईंनी डोळे मिटून घेतले. त्यांनी ते उघडले तेव्हा दार रिकामं होतं.

मोरीत नवीनं डोक्यावर पाणी ओतलं. पांढरं पाणी पायांवरून वाहत गेलं, थांबेचना. तिच्या कानात एकच वाक्य फिरत होतं: तू काय वस्त्रगाळ करणार. ती तशीच ओल्या केसांनी दुकानात गेली. कुलूपवाला एका किल्लीला दात पाडत होता.

"अहो," ती म्हणाली, "थोरल्या बाई शिंपले दळायच्या?"

कानस थांबली. कुलूपवाल्यानं किल्ली उजेडात धरली, दात मोजल्यासारखं केलं.

"दळायची?" तो म्हणाला. "नाही."

"मग?"

"हातोडीनं फोडायची. माझीच न्यायची, ती जुनी. दोन ठोके घालायची, तुकडे वाटीत टाकायची आणि बसायची."

"बसायची म्हणजे?"

"उन्हात. बसायची नुसती." त्याला आता बोलणं भाग होतं आणि त्याला ते जड जात होतं, गंजलेलं कुलूप उघडताना जसा आधी आवाज येतो तसा त्याचा आवाज येत होता. "मधून मधून एक ठोका घालायची. दगडावरच. आत आईला ऐकू जावं म्हणून. म्हणजे काम चाललंय असं वाटायचं."

"आणि त्या गेल्यावर? मी येईपर्यंत?"

"मी फोडायचो. तसेच."

"तेव्हा टरफलं नीट होती?"

त्यानं विचार केला. "होती की."

नवी त्याच्याकडं बघत राहिली. दुकानातली सगळी कुलपंही बघत होती.

"मग इतके दिवस सांगितलं का नाही?"

"तू एवढी मन लावून करत होतीस," तो म्हणाला. "आणि गेलेल्या माणसाला आळशी कशाला म्हणायचं."

नवी वळली. मागच्या पडवीत जाईपर्यंत तिला सगळं उलगडलं होतं, कारण ते तिच्याच धंद्यातलं होतं. बारीक लवकर अंगी लागतं. म्हणजेच लवकर संपतं. टरफल कोंबडी रात्री चढवते, अंधारात, काही न खाता. दिवसभर घातलेली वस्त्रगाळ पूड तोवर विरघळून, वाहून गेलेली. पोटातल्या खड्यांत एखादा भरड तुकडा अडकून राहिला असता तर तो रात्रभर थोडा थोडा झिजत राहिला असता. दळायची व्यवस्था कोंबडीच्या पोटात होती. नवी इतके दिवस कोंबडीचंच काम कोंबडीच्या आधी, कोंबडीपेक्षा चांगलं करून ठेवत होती, आणि त्यापायी कोंबड्या हाडं मोडून देत होत्या.

तिनं जुनी हातोडी शोधून काढली. शिंपले पायरीवर पसरले. एक ठोका घातला.

ठक्.

कोंबड्यांनी माना वर केल्या. ह्या वेळी तिच्याकडं बघून.

दोनचार दिवसांत टरफलं परत आली. आधी पातळ, मग नेहमीसारखी, आणि मग चांगली खणखणीत. काळी मात्र पुन्हा कधी सरळ चालली नाही. उभी राहिली, पण लंगडत. थोरलीची बहीण टोपल्या घेऊन आली तेव्हा नवीनं तिच्यासमोर अंड्यांची परडी ठेवली. बहिणीनं एक उचललं, नखानं वाजवलं. दुसरं उचललं, फळीच्या कडेवर आपटलं, मग जरा जोरात आपटलं. "ताईचा हात फिरला," ती शेवटी म्हणाली, आणि रिकामं जायला नको म्हणून परडीभर अंडी घेऊन गेली. बेकरीवाला म्हणाला, "वहिनी, आता माझा माणूस म्हणतो हातोडी द्या." बॅग खाटेखाली गेली. औषधांच्या दुकानावरची खोली पुढं एका शिंप्यानं घेतली, असं नवीच्या कानावर आलं, आणि तिनं ते ऐकून फक्त "हो का" म्हटलं.

सासूबाईंनी आपल्या खोलीत काय झालं ते कुणाला सांगितलं नाही. नवीनंही सांगितलं नाही. पण टरफलं परत आल्यावर एक फरक पडला. थोरलीशी देणं-घेणं मिटलं तशी सासूबाईंची भीड चेपली, आणि एका दुपारी त्या भिंतीवरून शेजारणीला म्हणाल्या, "थोरली स्वभावानं बरी होती हो. पण आळशी. आता गेलेल्या माणसाबद्दल काय बोलायचं? ही बघा, ह्या वयात आली, पण दुपारभर ठोकत असते. ऐका."

शेजारणीनं ऐकलं. ठक्. मग शांत. मग ठक्.

पायरीवर नवी उन्हात बसली होती. वाटीत शिंपल्यांचे तुकडे कधीचे टाकून झाले होते. हातोडी हाताशी होती. मधून मधून, आठवण झाली की, ती दगडावर एक ठोका घालायची आणि पुन्हा डोळे मिटायची. तिच्या पाठीमागची ती दुसरी ठक् आता ऐकू येत नसे. किंवा येत असेल आणि हिच्यात मिसळत असेल. एवढं खरं की सावली पायरीवर आली की कोंबड्या कधीकधी खायच्या थांबत, माना वाकड्या करत आणि तिच्या डावीकडं बघत. तेव्हा नवी न वळता जरा उजवीकडे सरकायची. पायरी रुंद होती, दोघींना पुरण्यासारखी.

शिंपल्यांचा भरड चुरा दाण्याच्या दुकानात तयार मिळतो. पोत्यावर कोंबडीचं चित्र असतं.